स्वयंप्रकाशित पुस्तकाचं परीक्षण: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

प्रकाशनसंस्थेकडून आलेलं पुस्तक तुमच्या हातात पडतं, तेव्हा त्यावरून आधीच चार-पाच जणांची नजर फिरलेली असते. कुणीतरी हस्तलिखित स्वीकारलेलं असतं, संपादकाने एखादं प्रकरण काढायला लावलेलं असतं, मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ पाहिलेलं असतं. स्वयंप्रकाशित पुस्तकामागे ही माणसं असतीलच असं नाही. लेखकाने पदरमोड करून ती नेमलेली असतात, किंवा सगळी कामं एकट्याने उरकलेली असतात. ओळखीपाळखीबाहेरचा पहिला वाचक पुष्कळदा परीक्षण लिहिणाराच असतो.

त्यामुळे नवखा समीक्षक दोनपैकी एका टोकाला जातो. एकतर ‘बिचाऱ्याने खिशातले पैसे घालून छापलंय’ म्हणून कौतुकाची खैरात, नाहीतर लाल पेन घेऊन चुकांची यादी. दोन्हीकडे गल्लत एकच, लिहिताना नजर लेखकावर खिळलेली असते. परीक्षण ज्याच्यासाठी लिहायचं तो वाचक तिसराच असतो. हे पुस्तक घ्यावं का आणि त्याला वेळ द्यावा का, एवढंच त्याला हवं असतं. लेखकाला काही सांगायचं असेल तर त्यासाठी वेगळं पत्र लिहिता येतं. त्याकडे शेवटी येऊच.

आधी स्वतःचे नियम

ॲमेझॉनने नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल हे ई-पुस्तकं वाचण्याचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच सुमारास लेखकाला स्वतःचं ई-पुस्तक थेट विक्रीला लावता येईल अशी सोयही सुरू केली. आज आपण तिला केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग) म्हणून ओळखतो. पुढे मागणीनुसार छपाईही सोपी झाली, म्हणजे ऑर्डर आल्यावरच प्रत छापायची, गठ्ठे साठवायला नकोत. पुस्तक काढणं सोपं झालं, पण ते वाचून त्यावर लिहिणारी माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत. म्हणून तुम्ही दोन-तीन बरी परीक्षणं लिहिलीत की विनंत्या येऊ लागतील, आणि त्या थांबणार नाहीत.

पहिली विनंती यायच्या आत एका कागदावर लिहून ठेवा: कोणत्या प्रकारची पुस्तकं वाचणार, कोणती नाही, छापील प्रत हवी, ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) चालेल की पीडीएफही, साधारण किती आठवडे लागतील, परीक्षण कुठे देणार. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पुस्तक आवडलं नाही तर काय करणार. हा शेवटचा मुद्दा आधी सांगितलेला असला की पुढची निम्मी कटकट टळते. मी तर म्हणेन, बाकीचं विसरलात तरी चालेल, पण हे लेखकाला पहिल्याच पत्रात कळवा.

पुस्तक निवडताना

मुखपृष्ठावर जाऊ नका. चांगल्या चित्रकाराला पैसे देऊन सजवलेलं पोकळ पुस्तक असतं आणि तयार साच्यातल्या कव्हरमागे उत्तम गद्य असतं. मलपृष्ठावरच्या मजकुरावरून लेखकाचा दावा काय आहे एवढंच कळतं. खरी परीक्षा नमुना पानांची. ई-पुस्तकांच्या दुकानांत सुरुवातीची काही पानं फुकट वाचता येतात. ती वाचा. विनंती थेट आली असेल तर एक प्रकरण मागून घ्या.

या पानांत कथानक किंवा विषय किती मोठा आहे हे शोधू नका. लेखकाला वाक्य कुठे थांबवायचं कळतं का, ते बघा. संवाद संपल्यावर पुन्हा तोच भाव समजावून सांगतो का? पहिली पाच पानं नुसती पार्श्वभूमी आहे का? शुद्धलेखनाच्या चुका तुरळक आहेत की वाचताना पाय अडखळतो? दहा पानांनंतर अकरावं वाचावंसं वाटलं नाही, तर पुस्तक घेऊ नका. कंटाळत वाचलेल्या तीनशे पानांवर न्याय्य परीक्षण लिहिणं जवळजवळ अशक्य असतं.

नकार लवकर आणि थोडक्यात द्यावा. ‘नमस्कार. आपलं प्रकरण वाचलं. मी ज्या प्रकारचं लेखन वाचतो त्यात हे बसत नाही, त्यामुळे परीक्षण करू शकणार नाही. आपल्याला शुभेच्छा.’ एवढं पुरे. कारणांची चर्चा सुरू केलीत की तो संपादनाचा फुकट सल्ला होतो आणि समोरचा दुरुस्त केलेलं प्रकरण परत पाठवतो.

नातं आणि पैसा

अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये आपला कवितासंग्रह स्वखर्चाने छापला आणि मग निनावी राहून त्याची कौतुकभरली परीक्षणंही स्वतःच लिहिली. संग्रह मोठा ठरला हे खरं, पण त्या दिवशी ते परीक्षण वाचणाऱ्याची फसवणूक झाली ती झालीच. हा रोग स्वयंप्रकाशनाइतकाच जुना आहे. २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका अशा धंद्याची हकिगत छापली, ज्यात लेखकाला ९९ डॉलरला एक, ४९९ डॉलरला वीस आणि ९९९ डॉलरला पन्नास परीक्षणं विकली जात होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांवर आणि ठरावीक मताच्या अटीवर विकत घेतलेल्या अभिप्रायांवर थेट बंदी घालणारा नियम केला.

तुमच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा. आप्त, जिवलग मित्र, सहकारी किंवा ज्याच्या पुस्तकाच्या निर्मितीत तुमचा हात होता, अशा कुणाच्याही पुस्तकाचं परीक्षण करू नका. ‘तू माझ्यावर लिही, मी तुझ्यावर लिहितो’ ही अदलाबदल तर मुळीच नको. लेखक मंडळींत ती फार निरागसपणे सुचवली जाते. ॲमेझॉनच्या नियमांतही ती बसत नाही, आणि कुटुंबीयांचे अभिप्रायही तिथे चालत नाहीत. फुकट प्रत घ्यायला हरकत नाही. मात्र तिच्या बदल्यात परीक्षण, तेही चांगलं, अशी अट असता कामा नये.

किर्कससारख्या संस्था स्वयंप्रकाशित लेखकांकडून शुल्क घेऊन परीक्षण करतात, हे कळल्यावर नवे लोक गोंधळतात. तिथे लेखक पैसे संस्थेला देतो, समीक्षकाला नाही, आणि अनुकूल मताची हमी कुणी देत नाही. मत प्रतिकूल निघालं तर ते प्रसिद्ध न करण्याची मुभा लेखकाला असते. या शेवटच्या सवलतीमुळे प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांचं चित्र प्रत्यक्षापेक्षा गोड दिसतं, असं मला वाटतं. ते काहीही असो, एकट्याने लिहिणाऱ्या माणसाने लेखकाकडून थेट पैसे घेऊ नयेत.

प्रत फुकट मिळाली असेल तर ते परीक्षणाच्या वरच सांगा. ‘हे पुस्तक लेखिकेने वाचण्यासाठी विनामूल्य पाठवलं. त्याबदल्यात कोणतीही अट नव्हती.’ तळाशी बारीक अक्षरात ही ओळ टाकणं म्हणजे न सांगितल्यासारखंच. लेखकाशी तोंडओळख असेल तर तीही इथेच नोंदवावी.

वाचताना

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे वाचकाला सांगण्यासारखं, उजवीकडे फक्त लेखकाच्या कामाचं. पान ४७ वर ‘आणि’ दोनदा छापलंय, हे उजवीकडे. नायिकेच्या भावाचं नाव पहिल्या भागात एक आणि दुसऱ्यात दुसरंच, हे डावीकडे, कारण त्याने वाचणारा गोंधळणार आहे. प्रत्येक नोंद करताना ‘हे कुणाला सांगायचंय?’ हा प्रश्न पडत गेला की परीक्षण अर्धं तिथेच तयार होतं.

मुद्रणदोषांबद्दल ‘खूप चुका आहेत’ असं मोघम लिहू नका. पुस्तकाच्या वेगवेगळ्या भागांतली कोणतीही दहा पानं घ्या आणि मोजा. ‘जवळपास प्रत्येक पानावर एखादी चूक’ आणि ‘अख्ख्या प्रकरणात एखादी’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकाराचा उल्लेख करायचीही गरज नाही. प्रकाशनपूर्व प्रत असेल तर चुका मोजूच नका. तिचं शेवटचं मुद्रितशोधन व्हायचं असतं. तिच्यातला उताराही अंतिम प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय छापू नका.

स्वयंप्रकाशित पुस्तकाची एक गंमत नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. ते हलत असतं. ई-पुस्तकाची फाइल लेखक आज रात्री बदलू शकतो. मागणीनुसार छापलेल्या पुस्तकाची पुढच्या महिन्यातली प्रत तुमच्या प्रतीपेक्षा वेगळी असू शकते. म्हणून कोणती आवृत्ती वाचली आणि प्रत कधी घेतली, हे परीक्षणात नोंदवा. ई-पुस्तकात परिच्छेद तुटलेले किंवा जोडाक्षरं फुटलेली दिसली तर दोष देण्याआधी तीच फाइल दुसऱ्या उपकरणावर उघडून बघा. कधी दोष फाइलचा असतो, कधी तुमच्या वाचनयंत्राच्या फाँटचा.

संपादक नसल्याच्या खुणा कुठे शोधायच्या? चुकीच्या वेलांट्यांत नव्हे. कादंबरीत त्या बहुधा सुरुवातीला आणि शेवटाला सापडतात. गोष्ट खरी तिसऱ्या प्रकरणात सुरू होते, आणि संपल्यावरही दोन प्रकरणं चालू राहते, कारण लेखकाला पात्रांचा निरोप घेववत नाही. आठवणींच्या पुस्तकात तोच प्रसंग दोन ठिकाणी जवळपास त्याच शब्दांत येतो. वेगवेगळ्या वेळी लिहिलेले लेख एकत्र बांधले आणि सलग कुणी वाचले नाहीत, याची ही खूण. कवितासंग्रहात संख्या बघा. सव्वाशे कविता असतील तर त्यांतल्या पन्नास बाहेर ठेवायला सांगणारं कुणी नव्हतं असा अंदाज करायला हरकत नाही. माहितीपर पुस्तकात दोन-तीन दावे स्वतः पडताळून पाहा: एखादं साल, एखादा आकडा, एखादं अवतरण. तिन्हींपैकी दोन चुकीचे निघाले तर बाकीच्या पुस्तकाबद्दल वाचकाला सावध करणं तुमचं काम आहे.

पण तेवढ्यावर थांबलात तर तुम्ही समीक्षक नाही, मुद्रितशोधक झालात. संपादक नसण्याचा फायदाही या पुस्तकांत असतो आणि तो शोधावा लागतो. बाजार फार छोटा म्हणून कुणी न छापलेला विषय. एखाद्या विझत चाललेल्या व्यवसायाची आतून लिहिलेली माहिती. न घासलेली, घरात बोलतात तशी बोली. साठच पानांची कादंबरी, जिला कुणी ‘आणखी शंभर पानं वाढवा’ म्हणालं नाही. रहस्यकथा आणि प्रवासवर्णन यांची अशी सरमिसळ, जी कोणत्या कपाटात ठेवायची हे विक्रेत्याला कळलं नसतं. अशा ठिकाणी ‘रचना विस्कळीत’ असा शेरा मारण्याआधी थांबा. लेखकाला जे करायचं होतं ते त्याने केलंय का, हे आधी बघा. ते करण्यासारखं होतं का, हा प्रश्न त्यानंतरचा. प्रेमकथेच्या ठरलेल्या वळणांना ‘अपेक्षित’ म्हणून नावं ठेवणाऱ्याने मुळात प्रेमकथा परीक्षणाला घेऊ नये.

यंत्राने लिहिलेल्या मजकुराची शंका हल्ली वारंवार येते. सप्टेंबर २०२३ पासून केडीपीवर पुस्तक चढवताना कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर आहे का, हे लेखकाला कळवावं लागतं, पण ती माहिती ग्राहकाला दिसत नाही. तेव्हा निव्वळ संशयावरून आरोप करू नका. जे पानावर दिसतं तेच लिहा: प्रत्येक प्रकरण त्याच साच्यात संपतं, उदाहरणांना नावगाव नाही, तीच उपमा पुन्हा पुन्हा येते. ते कुणी लिहिलं यापेक्षा वाचकाला एवढं कळणं जास्त उपयोगाचं आहे.

लिहायला बसल्यावर

पहिल्या परिच्छेदात पुस्तक काय आहे, साधारण किती पानांचं आहे आणि कुणाला आवडेल ते सांगा. कथानकाचा सारांश चार-पाच वाक्यांत आटपा. पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशापुढचं काही फोडू नका. नवखे लोक निम्मी जागा गोष्ट सांगण्यात घालवतात, कारण ते सोपं असतं.

मग मत. इथे विशेषणं कामाची नाहीत, पुरावा हवा. समजा, एका निवृत्त परिचारिकेचं आठवणींचं पुस्तक तुमच्यापुढे आहे. ‘लेखिकेची शैली ओघवती असून अनुभव हृदयस्पर्शी आहेत. प्रत्येकाने वाचावं असं पुस्तक.’ हे वाक्य कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येईल, म्हणून ते कोणत्याच पुस्तकाचं नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘रात्रपाळीच्या प्रकरणांत लेखिका चेहऱ्यांपेक्षा आवाज टिपते. ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक, दोन खाटांपलीकडचा खोकला, नातेवाइकांची कुजबुज. वॉर्ड अंधारात उभा राहतो. निवृत्तीनंतरची तीन प्रकरणं मात्र उपदेशात जातात; बघणारी बाई तिथे बोलणारी होते आणि पुस्तक सैलावतं.’ स्तुती आहे, टीकाही आहे, आणि वाचणाऱ्याला स्वतःचं ठरवता येतं. ज्याला उपदेश आवडतो तो शेवटच्या तीन प्रकरणांसाठीच पुस्तक घेईल, तर घेऊ द्या.

एखादं अवतरण जरूर द्या, दोन-तीन ओळींचं. लेखकाचा आवाज वाचकाच्या कानावर पडला की तुमचं अर्धं वर्णन करायची गरज उरत नाही. चांगलं-वाईट असं एकआड एक रचत बसू नका. पुस्तक बहुतांशी चांगलं असेल तर परीक्षणही तसंच झुकलेलं असावं. छपाई, बांधणी, समास, चित्रांचा दर्जा यांना एक परिच्छेद पुरतो, तोही वाचनात खरोखर फरक पडत असेल तर. पुस्तक स्वयंप्रकाशित आहे हे माहिती म्हणून एकदा सांगा, सवलत म्हणून नको. ‘पहिलाच प्रयत्न आहे, त्या मानाने बरं’ हे वाक्य विकत घेणाऱ्याला उपयोगाचं नाही, कारण त्याला किमतीत ‘त्या मानाने’ काही सूट मिळणार नसते.

ताऱ्यांची भानगड

गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर दोन तारे म्हणजे ‘ठीक’ आणि तीन म्हणजे ‘आवडलं’. ॲमेझॉनवर मात्र तीन ताऱ्यांचा अभिप्राय टीकात्मक गटात जमा होतो. एकच आकडा, दोन ठिकाणी दोन अर्थ. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर पाव ताराही देता येतो. म्हणजे जागा बदलली की तारे पुन्हा ठरवा, जसेच्या तसे उचलू नका.

गणितही लक्षात घ्या. हजार अभिप्राय असलेल्या पुस्तकाला तुमच्या दोन ताऱ्यांनी काही होत नाही. पाच-पाच ताऱ्यांचे दोनच अभिप्राय असतील तर तुमचे दोन पडताच सरासरी चारवर येते. म्हणून तारे वाढवून द्या असं मी म्हणत नाही. पण अगदी कच्चं, कुणाच्या नजरेतही न आलेलं पुस्तक असेल तर त्यावर जाहीर काही न लिहिणं मला योग्य वाटतं. लेखकाला तसं कळवावं आणि विषय संपवावा. नियमात हे आधीच सांगितलेलं असलं तर प्रश्नच नाही. याला अपवाद दोन. औषधोपचार, आहार, गुंतवणूक अशा विषयांवर धोकादायक सल्ला देणारं पुस्तक, आणि जोरात जाहिरात करून लोकांच्या गळ्यात मारलं जाणारं. तिथे गप्प बसू नये.

पुस्तक अर्धवट सोडलं तर तारे देऊ नका. लिहायचंच असेल तर कुठे सोडलं आणि का, ते स्पष्ट सांगा.

प्रसिद्ध झाल्यावर

लेखकाला दुवा एकदा पाठवा. आभार आले तर ठीक, शांतता असली तरी ठीक. वाद आला तर त्यात पडू नका. तुमचं मत बदलायला लावण्याचा हक्क त्याला नाही आणि त्याला पटवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. मात्र तथ्याची चूक दाखवली, उदाहरणार्थ पात्राचं नाव किंवा प्रकाशनाचं साल, तर लगेच दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याची तारखेसह नोंद ठेवा. ‘तारे वाढवा’ किंवा ‘काढून टाका’ याला नम्र नकार. शिवीगाळ झाली तर संदेश जपून ठेवा आणि संपर्क बंद करा, जाहीर उत्तर देऊ नका. लेखकाने सुधारित आवृत्ती काढल्याचं कळवलं तर ती बघणं तुमच्या मर्जीवर आहे. बघितलीत तर जुनं परीक्षण तसंच ठेवून खाली नवी नोंद जोडा.

आता वहीची उजवी बाजू. लेखकाने मागितली तरच ती पाठवा. न मागता आलेली चुकांची यादी बहुतेकांना टोचते. पाठवताना फक्त ‘छापलं असं, हवं असं’ एवढंच लिहा. वाक्यं नव्याने लिहून देऊ नका, ते तुमचं पुस्तक नाही. छापील प्रत असेल तर पान आणि ओळ द्या. ई-पुस्तकात अक्षराचा आकार बदलला की पानंही बदलतात, म्हणून तिथे चुकीच्या शब्दाच्या आसपासचे तीन-चार शब्द जसेच्या तसे द्या, म्हणजे लेखकाला फाइलमध्ये शोधून ती जागा लगेच सापडेल.